आधी सगळं बंद करा

साइट बिघडली की पहिला फोन थीम विकणाऱ्याला जातो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: 'आमची थीम व्यवस्थित आहे, तुमच्या एखाद्या प्लगिनमुळे होतंय.' मग प्लगिनवाल्याला ईमेल. त्याचंही उत्तर ठरलेलं: 'आमचं प्लगिन वर्डप्रेसच्या मूळ थीमवर नीट चालतं, तुम्ही तुमची थीम तपासा.' होस्टिंगवाला म्हणतो, सर्व्हर चालू आहे. तिघंही खरं बोलतात आणि साइट मात्र बसलेलीच राहते.

तिघंही खरं बोलतात, कारण या भांडणातला बिघाड बहुतेक वेळा ना एकट्या थीममध्ये असतो, ना एकट्या प्लगिनमध्ये. तो दोघांच्या मधे असतो. थीम लिहिणाऱ्यानं ते प्लगिन कधी पाहिलेलं नसतं, प्लगिन लिहिणाऱ्यानं ती थीम कधी लावलेली नसते. दोघांना एका पानावर आणलं तुम्ही. म्हणून मधली जागा तुमची, आणि तिथला बिघाड शोधायचं कामही तुमचं किंवा तुम्ही पैसे देऊन नेमलेल्या माणसाचं. हे एकदा मान्य केलं की निम्मा वेळ वाचतो. जे मान्य करत नाहीत ते आठवडाभर एकाचं उत्तर दुसऱ्याला पाठवत बसतात.

साइट बनवायचं साधन असलेलं वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी आलं. २००४ च्या १.२ आवृत्तीत प्लगिनं आली, २००५ च्या १.५ आवृत्तीत थीम आल्या. वाटणी सरळ होती: दिसणं थीमकडे, काम प्लगिनकडे. पुढे थीमचा बाजार वाढला आणि ही वाटणी मोडली. एकाच पेटीत स्लायडर, फोटो-गॅलरी, फॉर्म, पान उघडताना फिरणारं चक्र, खाली सरकताना उसळून वर येणारे परिच्छेद, सगळं कोंबून विकायला सुरुवात झाली. डेमो पाहून गिऱ्हाईक भुलतं आणि डेमोमधलं सगळं आपल्यालाही हवं म्हणतं. डेमोवर फक्त ती थीम असते, हे त्याला कुणी सांगत नाही. तुमच्या साइटवर तिच्यासोबत फॉर्मचं प्लगिन असतं, देणगीचं असतं, कॅशेचं असतं, व्हॉट्सॲपचं हिरवं बटण आणणारं असतं. थीमनं कामं अंगावर घेणं मला मुळातच चुकीचं वाटतं. अशी थीम बदलली की तिनं पुरवलेल्या सोयी जातात आणि जुन्या लेखांत नुसते चौकोनी कंसातले सांकेतिक शब्द उरतात. ते पुसत बसण्यात किती जणांचे दिवस गेले असतील!

भांडण लागतं कुठे, ते पाहू. वाचकाच्या ब्राउझरमध्ये थीम आणि सगळी प्लगिनं एकाच पानावर, एकाच जागेत चालतात. त्यांच्यात भिंत नसते. एकानं एखादं नाव वापरलं आणि दुसऱ्यानं तेच नाव वेगळ्या कामाला घेतलं, की नंतर आलेला आधीच्याला पुसून टाकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डॉलरचं चिन्ह. जॉन रेसिगनं २००६ मध्ये स्क्रिप्ट लिहिणं सोपं करणारं जेक्वेरी हे साधन आणलं, तेव्हा लांब नावाऐवजी एका डॉलरच्या चिन्हावर भागावं अशी सोय केली. त्या काळात प्रोटोटाइप नावाचं दुसरं लोकप्रिय साधनही तेच चिन्ह वापरत होतं. दोन्ही एका पानावर आली की एक मरायचं. म्हणून जेक्वेरीमध्येच 'नो-कॉन्फ्लिक्ट' ही सोय आहे: डॉलर सोडून द्यायचा आणि पूर्ण नावानं हाक मारायची. वर्डप्रेस जेक्वेरीची आपली प्रत कायम याच पद्धतीनं देतं. तरीही आजसुद्धा कुणीतरी इंटरनेटवरून तुकडा उचलतो, थीममध्ये डकवतो आणि 'डॉलर इज नॉट अ फंक्शन' हा लाल एरर घेऊन बसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे जेक्वेरीची दुसरी प्रत बाहेरून आणून लावणारी थीम. दुसरी प्रत पहिलीच्या जागी बसते, आणि पहिलीला जोडलेले स्लायडर, कॅलेंडर, फॉर्मची तपासणी सगळं तिच्यासोबत जातं. वर्डप्रेसनं स्क्रिप्ट रांगेत लावायची स्वतःची पद्धत दिलेली असताना असं करणारी थीम विकत घेऊ नये. घेतली असेल तर बदलावी.

ऑगस्ट २०२० मध्ये हे सगळं जगभर एकदम उघड्यावर आलं. वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीनं 'जेक्वेरी मायग्रेट' नावाचा आधार काढून घेतला. जुन्या पद्धतीचा कोड नव्या जेक्वेरीवर चालावा म्हणून दिलेला तो तात्पुरता टेकू होता, पण लोक त्यावर वर्षानुवर्षं टेकून बसले होते. टेकू निघाला आणि स्लायडर थांबले, मेनू उघडेनात, काहींच्या ॲडमिनमधली बटणंही दाबली जाईनात. शेवटी वर्डप्रेसच्याच लोकांना तो टेकू परत लावून देणारं एक मदतीचं प्लगिन काढावं लागलं. डिसेंबरमध्ये ५.६ आवृत्ती आली आणि जेक्वेरी थेट ३.५.१ वर गेलं.

यात दोष कुणाचा? माझं मत स्पष्ट आहे: जुना कोड विकत राहणाऱ्यांचा. मोडलेल्या थीममध्ये जी जुनी आज्ञा हमखास सापडायची, ती जेक्वेरीनं २०१३ च्या जानेवारीतच, १.९ आवृत्तीत, काढून टाकली होती. सात वर्षं मिळूनही ज्यांनी चार ओळी बदलल्या नाहीत, त्यांनी वर्डप्रेसवर खापर फोडू नये. पण सामान्य साइटमालकाची बाजूही तितकीच खरी आहे. इशारे दिले गेले ते डेव्हलपरच्या ब्लॉगवर आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एरर दाखवणाऱ्या खिडकीत. वाचनालयाच्या कार्यवाहानं किंवा पापड विकणाऱ्या बचतगटानं कन्सोल कधी उघडायचा?

आता इफेक्टकडे. सगळ्यात घातक इफेक्ट दिसायला सगळ्यात साधा असतो: खाली सरकलं की मजकूर हळूच उमटतो. तो उमटण्यासाठी आधी लपवावा लागतो. थीम पानावरचा प्रत्येक विभाग पूर्ण पारदर्शक करून ठेवते, आणि वाचक तिथे पोचला की स्क्रिप्ट त्याला दृश्य करते. म्हणजे मजकूर दिसणं हे स्क्रिप्टच्या जिवावर. स्क्रिप्ट मेली की पान कोरं.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या साइटवर नेमकं हेच झालं. फोटो-गॅलरीच्या प्लगिनला अपडेट आला, तो मारला, आणि मुखपृष्ठावर वर नाव, खाली पत्ता, मधे पांढरंफेक. नव्या पुस्तकांची यादी नाही, वर्गणीचे दर नाहीत, व्याख्यानमालेचं वेळापत्रक नाही. साइट हॅक झाली, असा निष्कर्ष काढून मंडळी पासवर्ड बदलत बसली. खरं तर मजकूर जागच्या जागी होता. पानावर सगळं निवडून कॉपी केलं आणि कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट केलं तर अख्खं वेळापत्रक उतरत होतं. फक्त ते पारदर्शक होतं.

कन्सोल उघडला. बहुतेक संगणकांवर एफ-१२ दाबून तो उघडता येतो. लाल ओळींची रांग होती. अशा वेळी लोक शेवटची ओळ वाचतात, कारण ती समोर असते. वाचायची असते पहिली; बाकीच्या बऱ्याचदा तिच्या मागोमाग आलेल्या असतात. पहिली ओळ सांगत होती की गॅलरीची स्क्रिप्ट पानावर आपली चौकट शोधायला गेली, ती सापडली नाही, आणि नसलेल्या चौकटीचे गुणधर्म वाचताना कोसळली. मुखपृष्ठावर गॅलरी नव्हतीच. नव्या आवृत्तीत 'चौकट असेल तरच पुढे जा' ही तपासणी राहून गेली होती.

पण गॅलरी कोसळली तर थीमचा मजकूर का लपावा? कारण मधे तिसरा गडी होता. साइट वेगवान व्हावी म्हणून लावलेलं एक प्लगिन सगळ्या स्क्रिप्ट एकत्र करून एकच फाइल बनवत होतं. स्क्रिप्ट वेगवेगळ्या असत्या, तर गॅलरीची मेली असती आणि थीमची चालली असती. एका फाइलमध्ये आल्यावर वरची ओळ कोसळली की खालचं काहीच चालत नाही. गॅलरीची चूक, वेगवान करणाऱ्याची गोळाबेरीज आणि थीमचा लपवालपवीचा इफेक्ट. तिघांतलं कुठलंही एक काढलं की पान दिसायला लागायचं. मग तिघांपैकी एकाला विचारून उत्तर कसं मिळणार?

तिथे गॅलरीची स्क्रिप्ट एकत्र करण्यातून वगळली, आणि थीमच्या सेटिंगमधलं ॲनिमेशन कायमचं बंद केलं. पहिल्या उपायानं त्या दिवशीचं काम झालं असतं. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण हा इफेक्ट बिनबिघाड चालत असतानाही नुकसान करत होता. सूचनाफलकावर लावायला वेळापत्रकाची प्रिंट काढली की खाली न सरकवलेले विभाग कोरे छापले जायचे. ही तक्रार आधीही यायची, आणि ती प्रिंटरच्या खाती जायची.

ज्यांना हा इफेक्ट हवाच आहे त्यांनी तो नीट करावा. मजकूर मुळात दिसता ठेवावा. स्क्रिप्ट चालू झाल्यावर तिनं स्वतः 'मी जिवंत आहे' अशी खूण पानाला लावावी, आणि ती खूण असेल तरच लपवण्याचे नियम लागू व्हावेत. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तर खूण लागत नाही आणि मजकूर तसाच दिसत राहतो. चार ओळींचं काम आहे. हजारो रुपयांच्या थीममध्ये ते नसावं हे मला संतापजनक वाटतं.

काही भांडणांत कन्सोलमध्ये लाल ओळ येतच नाही. ही स्टाइलची भांडणं. उदाहरणार्थ, पॉपअपचं प्लगिन आपला चौकोन पडद्यावर एका जागी घट्ट ठेवायला सांगतं. थीम पान उघडताना सगळा मजकूर किंचित वर सरकवण्याचा इफेक्ट देते, आणि त्यासाठी अख्ख्या पानाच्या बाहेरच्या चौकटीला 'ट्रान्सफॉर्म' लावते. नियम असा आहे की ट्रान्सफॉर्म लागलेल्या चौकटीच्या आत असलेली घट्ट वस्तू पडद्याला धरून राहत नाही, त्या चौकटीला धरून राहते. मग पॉपअप पडद्याच्या मधोमध उघडायच्या ऐवजी पानाच्या पार मध्यावर, तीन-चार पडदे खाली उघडतो. वाचकाला फक्त काळपट झालेलं पान दिसतं आणि बंद करायची फुली सापडत नाही. हा ब्राउझरचा दोष नाही, ठरलेलं वागणं आहे. पॉपअप त्या चौकटीच्या बाहेर, थेट पानाच्या मुळाशी काढून ठेवणं हा त्यावरचा उपाय.

अशीच दुसरी मारामारी 'झेड-इंडेक्स'ची. कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या वर यावी हे सांगणारा हा आकडा. थीमचा चिकटणारा मेनू ९९९ म्हणतो, प्लगिनचा पॉपअप ९९९९ म्हणतो, कुकीची पट्टी ९९९९९९ म्हणते. काही प्लगिनं सरळ २१४७४८३६४७ हा ब्राउझरला मान्य असलेला सर्वांत मोठा आकडा लावून मोकळी होतात. तरीही वस्तू खालीच राहते, आणि नवशिका आणखी एक नऊ जोडतो. आकडा फक्त आपल्या गटात चालतो. बाहेरच्या चौकटीला थोडी पारदर्शकता किंवा ट्रान्सफॉर्म दिला की तिचा वेगळा गट तयार होतो, आणि आतल्या कोट्यवधीच्या आकड्याला बाहेर किंमत राहत नाही. म्हणून आकडा वाढवायच्या आधी वस्तूवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' करावं आणि एकेक पायरी बाहेर जात गट कुठे बनतोय ते शोधावं. 'इम्पॉर्टंट' हा शिक्का मारून नियम लादणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. आज तुम्ही एक मारला, उद्या प्लगिनवाला मारेल, आणि परवा साइट हातात घेणाऱ्याला रंग बदलायला दुपार घालवावी लागेल.

मराठी साइटवाल्यांचं दुखणं याहून वेगळं आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून इथे थांबतो. थीममधले अक्षरांचे इफेक्ट रोमन लिपीसाठी लिहिलेले असतात. शीर्षक एकेक अक्षर टंकल्यासारखं उमटतं किंवा प्रत्येक अक्षर वेगळं उडी मारत येतं, यासाठी स्क्रिप्ट शब्द तोडते आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र चौकटीत टाकते. इंग्रजीत तुकडा म्हणजे अक्षर. देवनागरीत तसं नाही. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा, पण संगणकाच्या साठवणीत तो दहा चिन्हांचा: काने वेगळे, हलंताच्या खुणा वेगळ्या, ष, ट, र वेगळे. स्क्रिप्ट दहा तुकडे करते. जोडाक्षर फुटतं, काना आपल्या अक्षरापासून सुटून टिंबांच्या वर्तुळावर लटकतो, आणि मुखपृष्ठावर संस्थेचं नाव चिरफाळ्या होऊन नाचत येतं. मालक म्हणतो फॉन्ट बिघडला. तो फॉन्ट बदलतो, मग दुसरा बदलतो, मग फॉन्टचं प्लगिन टाकतो, आणि त्या प्लगिनमुळे नवीन भांडण सुरू होतं. फॉन्टचा काही दोष नसतो. इफेक्ट अक्षराऐवजी शब्दावर लावायचा, नाहीतर बंद करायचा.

अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंगही तशीच. रोमन शीर्षकाला ती शोभते. देवनागरीत तिनं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे ठिपके-ठिपके होतात. शीर्षक खालून वर सरकत येणाऱ्या इफेक्टमध्ये ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवून बाहेरचं कापतात. त्यात 'कीर्ती'चा रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते, 'सूर्य'चा ऊकार खालून. ओळीची उंची वाढवून हे सुटतं. मराठी दिवाळी अंकांच्या साइटवरही अशी छाटलेली शीर्षकं दिसतात तेव्हा वाईट वाटतं. छापील अंकात एक रफार निसटला तर संपादक रात्री फोन करतात. साइटवर वर्षभर छाटलेला रफार कुणाच्या नजरेला येत नाही?

आता शोधायचं कसं. घरातला एमसीबी सारखा पडतो तेव्हा वायरमन अंदाज बांधत बसत नाही. सगळी बटणं खाली करतो आणि एकेक वर करत जातो. साइटचंही तेच. पण आधी बॅकअप. फाइलींचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा. बॅकअप न घेता चालू साइटवर प्रयोग करणाऱ्याला मी माझ्या कामाला हात लावू देणार नाही.

मग कॅशे रिकामी करा: प्लगिनची, होस्टिंगची आणि ब्राउझरची. खासगी विंडोत साइट उघडा. ब्राउझरमधलं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शनही मजकूर लपवू शकतं, त्यामुळे ते बंद असलेल्या ठिकाणी पाहा. स्क्रिप्ट एकत्र करणं, उशिरा चालवणं, छोट्या करणं या वेग वाढवणाऱ्या सोयी सगळ्यात आधी थांबवा. माझ्या अनुभवात बरीच भांडणं इथेच मिटतात. न मिटली तरी कन्सोलमधल्या ओळीला खऱ्या फाइलचं नाव लाभतं, आणि रस्त्यात प्लगिनचा फोल्डर आहे की थीमचा ते कळतं. ज्या फाइलमध्ये मेलं तिनंच मारलं असं मात्र समजू नका. वाचनालयाच्या साइटवर कोसळली होती गॅलरी, पण मजकूर लपवला होता थीमनं.

त्यानंतर थीम. वर्डप्रेससोबत येणारी एखादी साधी थीम लावून पाहा. बिघाड गेला तर थीम त्या भांडणात आहे हे नक्की. राहिला तर प्लगिनांकडे वळा, आणि एकेक बंद करत बसू नका. अर्धी बंद करा. बिघाड उरला तर चालू अर्ध्यात, गेला तर बंद अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे करा. वीस प्लगिनं असली तरी पाच फेऱ्यांत एकावर येता. भांडण दोन प्लगिनांमधलं असेल तर अर्धे करताना ती दोघं वेगळी पडतात आणि बिघाड दोन्हीकडे दिसेनासा होतो. तसं झालं तर संशयित एक चालू ठेवून बाकीच्यांचे अर्धे करा.

हे चालू साइटवर करताना वाचकाला मोडकी साइट दिसू नये म्हणून 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे फुकट प्लगिन आहे. त्याचा दुरुस्ती मोड चालू केला की सगळी प्लगिनं आणि थीम फक्त तुमच्यापुरती बंद होतात, बाकी जगाला साइट पूर्वीसारखीच दिसते. मराठीत साइट सांभाळणाऱ्या प्रत्येकानं ते माहीत करून घ्यावं. ॲडमिनमध्येच शिरता येत नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिनांच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला प्लगिनं सापडत नाहीत आणि ती बंद होतात. साइटवर पीएचपीचा गंभीर एरर आला असेल तर मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच ॲडमिनच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा आणि दोषी प्लगिनचं नाव पाठवतं. कितीतरी साइटवर हा ईमेल साइट बनवून सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर असतो. तो आजच बदला.

या भांडणांना कंटाळून एक सल्ला सर्रास दिला जातो: अपडेटच मारू नका. हा सल्ला देणाऱ्यानं साइट हातात घेऊ नये. २०१४ मध्ये एका लोकप्रिय स्लायडरमध्ये मोठं भगदाड सापडलं. स्लायडर बनवणाऱ्यांनी ते बुजवलं होतं. पण तो स्लायडर शेकडो थीमच्या पोटात भरून विकला गेला होता, आणि थीमसोबत आलेल्या प्रतीला आपोआप अपडेट मिळत नव्हता. असंख्य मालकांना आपल्या साइटवर तो आहे हेच ठाऊक नव्हतं. डिसेंबरमध्ये 'सोकसोक' नावाचा हल्ला झाला आणि गूगलनं ११ हजारांहून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकली. शोभेसाठी घेतलेल्या इफेक्टपायी दुकानं बंद पडली. तेव्हा अपडेट मारायचेच, फक्त आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या खासगी प्रतीवर मारून पाहायचे. बऱ्याच होस्टिंगमध्ये ही सोय एका बटणावर मिळते. थीममध्ये बदल करायचा तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली वेगळी थीम, करून तिच्यात करायचा, नाहीतर पहिल्याच अपडेटला तो पुसला जातो आणि पुन्हा 'अपडेटनं साइट मोडली' अशी बोंब होते.

इफेक्ट लावणाऱ्यांनी वाचकाच्या शरीराचाही विचार करावा. २०१३ मध्ये आयफोनच्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत हलत्या पार्श्वभूमी आणि झेपावणारी चित्रं आली, तेव्हा अनेकांना चक्कर आणि मळमळ होऊ लागली. ॲपलला हालचाल कमी करण्याची सोय वाढवावी लागली. आज प्रत्येक प्रमुख ब्राउझर साइटला सांगू शकतो की या वाचकाला हालचाल नको आहे. तुमची थीम ते ऐकते का, हे विकत घेण्याआधी विचारा. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर पुढे जा.

साइट करून घेताना कंत्राटात चार गोष्टी लिहून घ्या: कुठली थीम, कुठली प्लगिनं आणि प्रत्येक कशासाठी, त्यांचे परवाने कुणाच्या नावावर, आणि भांडण लागलं तर शोधायचं कुणी. शेवटच्या मुद्द्यावर घासाघीस होईल. होऊ द्या. ते काम फुकट होत नाही आणि मागणाऱ्यानं ते फुकट मागू नये. बिघाड शोधणाऱ्या मुला-मुलींची दुपार जाते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'एक बटण तर दाबलंत!' कुठलं बटण दाबायचं हे शोधण्याचेच पैसे असतात.

तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. 'साइट चालत नाही' एवढं कुणाला लिहू नका. कुठल्या पानावर, कुठल्या फोनवर, काय दाबल्यावर, आणि आधी शेवटचं काय बदललं ते लिहा. कन्सोलमधली पहिली लाल ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा, तिचा पूर्ण स्क्रीनशॉट जोडा, आणि साध्या थीमवर व बाकी प्लगिनं बंद करून पाहिल्यावर काय झालं ते सांगा. एवढं लिहिलं तर थीमवाल्याला तुमच्यावर ढकलता येणार नाही आणि प्लगिनवाल्यालाही नाही.